आधी चिंता, मागाहून विसावा

सार्वजनिक उद्यान म्हटले की पाळणे, भेळ आणि हिरवळीवर ऐसपैस बसलेली कुटुंबे हेच चित्र डोळ्यांपुढे येते. त्यामुळे पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यानात प्रथमच येणारा माणूस काहीसा बावरतो. येथे डबा उघडायचा नाही. हिरवळीवर पाऊल पडले की रखवालदाराची शिट्टी वाजते. हा जाच नव्हे, त्यामागे एक दृष्टी आहे. जपानी बाग ही बसण्याची नव्हे, फिरत फिरत पाहण्याची वस्तू आहे. वाट वळते तसे पाणी, दगड आणि झाडे यांचे नवे चित्र समोर उभे राहते. दूरचा डोंगरही त्या चित्रात 'उसना' घेतला जातो. येथे ती भूमिका पर्वतीकडे आली आहे.

२००६ साली खुले झालेले हे दहा एकरांचे उद्यान जपानमधील ओकायामा शहराच्या कोराकुएन या बागेच्या धर्तीवर उभारलेले आहे. मूळ बाग इकेदा त्सुनामासा या सरदाराने १६८७ साली आरंभून १७०० साली पुरी केली. तिच्यात भातशेताचे चौकोनही आहेत. चीनमधील प्राचीन सारापद्धतीची ती खूण: जमिनीचे नऊ भाग, आठ कुटुंबांना आठ, आणि मधल्या नवव्याचे पीक राजाचे. 'कोराकुएन' हे नाव मात्र १८७१ मधले. राज्यकर्त्याने प्रजेच्या आधी चिंता वाहावी आणि सुख प्रजेच्या मागाहून भोगावे, या चिनी वचनातून ते आले. १८८४ साली बाग खरोखरच सर्वांसाठी खुली झाली. १९३४ च्या महापुराने आणि १९४५ च्या बॉम्बहल्ल्याने तिची हानी केली; तथापि जुने नकाशे व चित्रे जपून ठेवलेली असल्यामुळे ती पूर्ववत उभी करता आली.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने खरा धडा येथेच आहे. बाग बांधणे हा एकवेळचा भांडवली खर्च. बाग राखणे हा कधीही न संपणारा महसुली खर्च. पहिल्याच्या वाट्याला कोनशिला आणि समारंभ येतात, दुसऱ्याच्या वाट्याला अंदाजपत्रकातील काटछाट. झाडांची छाटणी, तळ्यातील गाळ, माळ्यांचे वेतन यांचे उद्घाटन कोणी करीत नाही. जपानी बागेत तर एका हंगामाची हयगयही लपत नाही.

मग हा खर्च प्रवेशशुल्कातून भागवावा, असे सुचविले जाते. ते वरवर रास्त वाटते. परंतु ज्या पर्वतीचे दृश्य बागेने उसने घेतले आहे, तिच्याच उतारावर जनता वसाहत आहे. एका खोलीत संसार करणाऱ्या कुटुंबाला मोकळ्या हवेची गरज बंगल्यात राहणाऱ्यापेक्षा अधिक असते, आणि शुल्क वाढताच पहिला मागे फिरतो तो तोच. नाममात्र शुल्क शिस्तीसाठी असू शकेल. देखभालीचा भार मात्र शहराने करांतूनच उचलला पाहिजे.

ओकायामाकडून पुण्याने बागेचा आराखडा घेतला. नावातील तत्त्वही घ्यायचे असेल, तर नव्या उद्यानाचा नारळ फोडण्यापूर्वी जुन्या उद्यानाच्या माळ्याचा पगार आणि पाणीपुरवठा यांची तरतूद झाली आहे काय, एवढे नगरसेवकांनी आधी तपासावे. चिंता आधी, समारंभ मागाहून.