कर्सर गेला कुठे?

कुणाचाही प्रोजेक्ट बघायला बसलो की मी आधी माऊस बाजूला सारतो. स्क्रीन देखणी असते, पण टाईप केलेलं रकान्यात उमटतच नाही. म्हणजे फोकस हरवला! दिवसभर नोंदी भरणाऱ्या क्लार्कला किंवा स्क्रीन रीडरवर काम करणाऱ्या अंध मित्राला हे फार नडतं.

जावातल्या एक्लिप्स आरसीपीचंच बघा. तिसऱ्या आवृत्तीच्या पद्धतीत आपला व्ह्यू 'व्ह्यूपार्ट' या क्लासपासून बनतो. त्यात 'सेटफोकस' मेथड लिहिली नाही तर कंपायलरच अडवतो. २०१२ साली ४.२ 'जुनो' आली आणि नवी पद्धत मुख्य झाली. आता क्लास साधा, मेथडचं नाव काहीही. फक्त तिच्यावर '@फोकस' ही चिठ्ठी, म्हणजे अ‍ॅनोटेशन, लावायची. पार्ट सक्रिय झाला की फ्रेमवर्क ती मेथड शोधून चालवतं. आत एकच ओळ: हव्या त्या रकान्यावर 'सेटफोकस'.

मग हीच ओळ '@पोस्टकन्स्ट्रक्ट'मध्ये का नको? कारण ती मेथड पार्ट तयार होताना एकदाच चालते. दुसऱ्या टॅबवर जाऊन परत आलात की कामाला येतो तो '@फोकस'च.

सोय झाली, पण पहारेकरी गेला. चिठ्ठी लावायला विसरलात तर कंपायलर अवाक्षर काढत नाही. रकाना डिसेबल असेल तर 'सेटफोकस' मुकाट्याने 'फॉल्स' परत देतं. म्हणून सबमिशनआधी एवढं कराच: टॅब बदला, कीबोर्डनेच परत या, एक अक्षर दाबा. उमटलं तर जिंकलात!