गाईडमध्ये न सापडणारा फिलियस फॉग

बारावीच्या इंग्लिश पेपरात कादंबरीला १६ मार्क आहेत. ते पाठांतराने काढायचे की गोष्ट समजून घेऊन? परीक्षेआधीच्या प्रॅक्टिसबद्दल थोडं...

जानेवारी संपत आला की नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात दोनच गोष्टींची घाई असते. तोडलेला ऊस वेळेत कारखान्यावर पोचवायची आणि बारावीचा इंग्लिशचा पेपर काढायची. कोऱ्हाळे बुद्रुकच्या रस्त्याने सोमेश्वर कारखान्याकडे उसाचे ट्रॅक्टर गाणी वाजवत जात असतात आणि आत घरात कुणीतरी कानावर हात ठेवून गाईडमधलं उत्तर घोकत असतं. बोर्डाची परीक्षा सहसा इंग्लिशनेच सुरू होते. २०२५ मध्ये हा पहिला पेपर ११ फेब्रुवारीलाच होता. म्हणजे बाकीच्या विषयांना मिळते तशी मधली सुट्टी इंग्लिशला मिळत नाही. जी काही प्रॅक्टिस, ती आधीच.

लेखी पेपर ८० मार्कांचा आणि तोंडी २० ची. लेखीत गद्याला ३४, कवितेला १४, लेखन कौशल्याला १६ आणि कादंबरीला १६. कादंबरीचा विभाग पुस्तकात सगळ्यात शेवटी, म्हणून तयारीतही शेवटीच राहतो. ‘ते बघू नंतर’ म्हणत म्हणत हॉल तिकीट हातात येतं. मराठी माध्यमातून आलेल्या, घरात इंग्लिश बोलणारं कुणी नसलेल्या पोरापोरींसाठी मात्र हे १६ मार्क ३५ च्या अलीकडे राहायचं की पलीकडे जायचं, हे ठरवू शकतात. बाकी सगळ्या विषयांत पास आणि एका इंग्लिशमुळे वर्ष अडकलं, अशी एखादी तरी गोष्ट प्रत्येक गावात ऐकायला मिळते.

तीन पुस्तकं, तीन वाटा

२०२० मध्ये आलेल्या बारावीच्या ‘युवकभारती’त तीन कादंबऱ्यांचे भाग आहेत. ई. आर. ब्रेथवेट यांचं ‘टू सर, विथ लव्ह’, ज्यूल व्हर्नचं ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ आणि आर्थर कॉनन डॉयलचं ‘द साइन ऑफ फोर’. नावं ऐकूनच पोटात गोळा येतो. पण जरा जवळ जाऊन बघा, ही पुस्तकं वाटतात तितकी परकी नाहीत.

व्हर्नचा फिलियस फॉग २ ऑक्टोबर १८७२ रोजी लंडनहून निघतो. पैज वीस हजार पौंडांची. २० ऑक्टोबरला, म्हणजे ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी, तो मुंबईत उतरतो. त्याचा नोकर पासपार्तू मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो आणि मार खाऊन अनवाणी स्टेशन गाठतो. मग रेल्वे निघते. कल्याणला खंडाळा-पुण्याकडे जाणारा फाटा लागतो, त्याचाही उल्लेख कादंबरीत आहे. म्हणजे आपल्या जिल्ह्याचं नाव या जगप्रसिद्ध पुस्तकात आहे! पुढे रूळच संपतात आणि फॉग दोन हजार पौंडांना हत्ती विकत घेतो. प्रत्यक्षात मुंबई ते कोलकाता लोहमार्ग १८७० मध्येच जोडला गेला होता. व्हर्नने गोष्टीसाठी तो तोडला, कारण सगळं सुरळीत झालं तर वाचणार कोण?

शेवटचा ट्विस्ट तर भूगोलाचा आहे. आपण पैज हरलो असं फॉगला वाटतं, पण एक दिवस त्याच्या हातात असतो. पूर्वेकडे जाताना दर रेखांशाला चार मिनिटं वाचतात. ३६० रेखांश गुणिले चार, म्हणजे १,४४० मिनिटं. बरोबर चोवीस तास! हे एकदा वहीवर मांडून बघितलं की ‘फॉग पैज कसा जिंकतो’ हे पाठ करावं लागत नाही.

‘द साइन ऑफ फोर’ १८९० चं. धुकं लंडनचं, पण गुन्ह्याची मुळं १८५७ च्या उठावातल्या आग्र्याच्या किल्ल्यात आणि अंदमानच्या तुरुंगात. मेरी मॉर्स्टनला दरवर्षी एक मोती पोस्टाने येतो, तिचे वडील मात्र बेपत्ता आहेत. खजिन्याच्या हावेपायी एकेकाचं वाटोळं होत जातं. अंदमानच्या टोंगाचं चित्रण आज वाचताना खटकतं. खटकलं तर खुशाल लिहा. गोष्टीतला आधार दिलात तर उत्तराला वजनच येतं.

‘टू सर, विथ लव्ह’ १९५९ चं आणि लेखकाच्या स्वतःच्या अनुभवावरचं. ब्रिटिश गयानातून आलेला, दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात काम केलेला शिकलासवरलेला इंजिनिअर. रंग काळा म्हणून त्याला नोकरी मिळत नाही, म्हणून तो लंडनच्या ईस्ट एंडमधल्या शाळेत शिकवायला जातो. मुलं ऐकत नाहीत. मग तो त्यांना लहान पोरं नाही, मोठी माणसं समजून वागवायला लागतो आणि वर्ग बदलतो. मागच्या बाकावर बसणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

कवितेतही असाच आपला माणूस आहे. ‘फादर रिटर्निंग होम’ लिहिणारे दिलीप चित्रे मराठीतले मोठे कवी. त्यांनीच तुकोबांचे अभंग इंग्लिशमध्ये नेले. ज्या तुकोबांची पालखी दरवर्षी बारामतीला मुक्काम करून इंदापूरकडे जाते, त्यांचेच!

प्रॅक्टिस म्हणजे नेमकं काय?

गाईड वाईट नसतं. घोळ होतो तो प्रश्न फिरवल्यावर. फॉगचा स्वभाव पाठ केलेला असतो आणि पेपरात पासपार्तूबद्दल विचारतात. पाठ केलेलं उत्तर तिथे बसत नाही, मग मुलं फॉगबद्दलच लिहून येतात. म्हणून थोडी वेगळी प्रॅक्टिस करून बघा.

आधी गोष्ट, मग इंग्लिश. तिघांनी एकेक कादंबरी घ्या आणि दुसऱ्यांना मराठीत सांगा. कट्ट्यावर, एसटीत, कुठेही. जिथे अडखळाल, तिथे पुस्तक उघडा.

चार रकाने. पात्रं, कथानक, स्थळ-काळ आणि आशय. प्रत्येक कादंबरीला एक पान. प्रश्न कसाही फिरला तरी उत्तर बहुतेक या चारांतूनच निघतं.

पन्नास शब्दांचं गणित. साधारण पन्नास शब्द म्हणजे चार-पाच छोटी वाक्यं. पहिल्यात थेट उत्तर, पुढच्या दोनतीनमध्ये गोष्टीतले प्रसंग, शेवटच्यात आशयाशी जोड. मोबाइलवर सात मिनिटांचा टायमर लावा, लिहा आणि शब्द मोजा. साधं इंग्लिश चालेल, वाक्य पूर्ण पाहिजे.

वह्यांची अदलाबदल. मैत्रिणीची वही तुम्ही तपासा, तुमची तिला द्या. दुसऱ्याच्या चुका पटकन दिसतात.

मोठ्याने वाचा. रोज एक पान. तोंडीचे २० मार्क यातूनच निघतात.

कवितेचं रसग्रहण. चार मार्कांचं. विषय, अलंकार, वेगळेपण आणि स्वतःचं मत. ‘मला कविता आवडली’ एवढ्यावर थांबू नका, का आवडली ते एका ओळीत लिहा.

यासाठी खर्चही फार नाही. पाठ्यपुस्तक बालभारतीच्या साइटवर पीडीएफमध्ये आहे. व्हर्न आणि डॉयल यांची पुस्तकं कॉपीराइटमधून मुक्त झाल्याने प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट वाचता येतात आणि लिब्रिवॉक्सवर ऐकताही येतात. ब्रेथवेट यांचं तसं नाही, ते कॉलेजच्या लायब्ररीत विचारा. इंग्लिश जड वाटलं तर सुरुवात मराठीतून करा. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या घराघरांत कधीच नेऊन ठेवलाय.

आता एक विनंती कॉलेजच्या वरच्या वर्गांत असलेल्यांना. तुमची बारावी झाली, सुटलात. पण गल्लीत कुणीतरी यंदा परीक्षेला बसलंय. ट्यूशनला बारामतीला जाणं प्रत्येकाला परवडत नाही आणि ऊसतोडीच्या दिवसांत घरच्या कामातून वेळही मिळत नाही. रविवारी दोन तास काढा. जुना बोर्ड पेपर घ्या, घड्याळ लावा, चार-पाच जणांना ओट्यावर बसवून सोडवून घ्या आणि तिथल्या तिथे तपासून द्या. पाचवा प्रश्न आधी सोडवायला सांगा, कारण कादंबरी तिथेच असते आणि वेळ संपला की कोरा राहतो तोही हाच प्रश्न.