इमेज लिहिताना पेन ड्राइव्ह रेंगाळतोय?

मार्च २०१९ मध्ये आलेल्या लिनक्स ५.० कर्नलमधून 'सीएफक्यू', 'डेडलाइन' आणि 'नूप' हे जुने शेड्युलर काढून टाकले गेले. त्यांची जागा 'एमक्यू-डेडलाइन', 'बीएफक्यू', 'कायबर' आणि 'नन' यांनी घेतली. डिस्कवर कोणाचं काम आधी आणि कोणाचं नंतर, हे शेड्युलर ठरवतो. त्यामुळे कर्नल बदलल्यावर इमेज लिहिण्याचा वेग पडला, तर शंका इथे घ्यायला जागा आहे.

तपासणं सोपं आहे. '/सिस/ब्लॉक'मध्ये आपल्या ड्राइव्हच्या नावाचं फोल्डर असतं. त्यातल्या 'क्यू'मधली 'शेड्युलर' ही फाइल वाचा. चौकोनी कंसात दिसेल तो सध्या चालू. रूट अधिकाराने त्याच फाइलमध्ये दुसरं नाव लिहिलं की बदल लगेच लागू होतो. रीबूटनंतर तो टिकत नाही, कायम हवा असेल तर युडेव्हचा नियम लिहा.

मात्र सगळं खापर शेड्युलरवर फोडू नका. इमेज लिहिणाऱ्या 'डीडी' या कमांडला ब्लॉकचा आकार सांगितला नाही, तर ती ५१२ बाइटचे तुकडे करते. ४ एमबी द्या. सुरुवातीला वेग भन्नाट आणि ९९ टक्क्यांवर सगळं ठप्प, असं झालं तर डेटा अजून रॅममध्येच आहे आणि ड्राइव्हवर उतरतोय. 'ओफ्लॅग=डायरेक्ट' दिल्यास खरा वेग पहिल्यापासून दिसतो. पोर्ट यूएसबी २.० असेल, तर सेकंदाला ३०-४० एमबीच्या फार पुढे कोणताही शेड्युलर नेणार नाही.

शेवटी 'सिंक' ही कमांड चालवा आणि ती पूर्ण झाल्याशिवाय ड्राइव्ह उपटू नका.