काडीचं फूल

पुण्याच्या मार्केट यार्डातल्या फुलबाजारात शेवंती दोन तऱ्हांनी विकली जाते. एकीकडे सुट्ट्या शेवंतीचा ढीग असतो. ती किलोवर जाते आणि तिला देठ असतो तो चिमटीत धरण्यापुरता. थोडं पुढे गेलं की काडीची शेवंती, पाल्यासकट, गड्डीत बांधून उभी असते. हार-वेणीवाले ढिगाकडे वळतात, आम्ही बुकेवाले गड्डीकडे. हारातल्या फुलानं संध्याकाळपर्यंत तग धरला की पुरे. उद्या ते निर्माल्यात जाणार, याबद्दल कुणाची तक्रार नसते. काडीच्या फुलाकडून मात्र गिऱ्हाइकाला आठवडा हवा असतो. झाडापासून तोडलेल्या जिवाला हा आठवडा कुठून आणून द्यायचा, हाच आमचा खरा धंदा. रंगसंगती वगैरे त्यानंतर.

मी या कामाला लागले तेव्हा पहिले दोन महिने मला एकही बुके बांधू दिला नाही. बादल्या घासायला लावल्या. तेव्हा राग यायचा. बादलीचं महत्त्व पुढे कळलं, ते सांगतेच.

पण आधी खरेदी. बाजार पहाटेचा, आणि हिशेब नगावर: डच गुलाबाची गड्डी २० ची, कार्नेशनचीही २० ची, जरबेरा १० चा. मावळातल्या पॉलिहाउसांमधला गुलाब आणि जरबेरा इथे ताजा मिळतो. कार्नेशन हिमाचल किंवा निलगिरीकडच्या थंडीतनंही येतो, ऑर्किडचा बराच माल थायलंडहून. नवखा माणूस सगळ्यात उमललेलं, देखणं फूल उचलतो आणि तिथेच फसतो, कारण त्या फुलाचे चांगले दिवस आडत्याच्या गाळ्यावरच संपलेले असतात. गुलाबाची कळी पाकळ्यांच्या बुडाशी, देठाच्या वर, दोन बोटांनी हलकेच दाबून बघायची. घट्ट लागली तर ताजी, भुसभुशीत लागली तर जुनी. बाहेरच्या एक-दोन जाड, हिरवट पाकळ्या बघून नाक मुरडू नये. त्या आतल्या पाकळ्यांचं प्रवासात रक्षण करतात, आणि दुकानात आल्यावर आपण त्या काढतोच. गुलछडीची खालची दोन-तीन फुलं उघडलेली हवीत, लिलियमच्या खालच्या कळीला रंग चढलेला हवा. जरबेऱ्याचं उलट आहे. त्याच्या मधल्या गोलाच्या कडेला परागाची एक-दोन वर्तुळं दिसली पाहिजेत. ती नसतील तर फूल कोवळं काढलंय, आणि त्याची मान उद्या दुपारपर्यंत खाली येणार.

काडी कापली की नेमकं काय होतं, हे एकदा समजून घेतलं की पुढचे सगळे नियम पाठ करावे लागत नाहीत. झाडात पाणी खालून ढकललं जात नाही, मुख्यतः वरून ओढलं जातं. पानांतून वाफ उडते आणि तिच्या जागी खालचं पाणी वर चढतं, काडीतल्या केसासारख्या बारीक नळ्यांमधून, एक सलग धागा असावा तसं. शहाळ्यातली नळी मध्येच पाण्याबाहेर उचलली तर हवा आत शिरते. आपण पुन्हा जोरात ओढतो आणि ती निघून जाते. फुलाला तसं ओढता येत नाही. त्याच्या नळीत शिरलेला बुडबुडा तिथेच अडकतो, पाण्याचा धागा तुटतो, आणि बादलीत गळ्यापर्यंत बुडालेलं फूल तहानेनं मान टाकतं. गिऱ्हाईक म्हणतं, ‘पाणी तर रोज घालत होतो!’ घालत असणारच. वर जात नव्हतं.

म्हणून दुकानात माल आला की पहिलं काम प्रत्येक काडी बुडाकडून पुन्हा दोन-तीन सेंटिमीटर कापण्याचं. अडकलेली हवा त्या तुकड्याबरोबर निघून जाते. जमलं तर हे कापणं पाण्यातच करावं, नाहीतर कापल्याबरोबर काडी पाण्यात जावी. कात्रीनं मऊ देठ चेपतो आणि नळ्यांची तोंडं मिटतात, त्यामुळे धारदार सुरी बरी. गुलाबाच्या कडक काडीला चांगला सिकेटर चालतो. तिरका काप द्यायचा तो काडीचं तोंड बादलीच्या तळाला सपाट चिकटून बसू नये म्हणून. तिरक्या कापानं फूल दुप्पट पाणी पितं, ही ऐकीव गोष्ट. काडीचं टोक हातोडीनं ठेचण्याची जुनी पद्धत तर सोडूनच द्यावी. त्यानं नळ्या फुटतात आणि जंतूंना घर मिळतं.

मग पाण्याखाली येतील ती सगळी पानं ओरबाडून काढायची. गुलाबाची गड्डी वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळायची, म्हणजे पाणी पिताना माना सरळ राहतात, आणि कोमट पाण्याच्या उंच बादलीत दोन-चार तास सावलीत उभी करायची. कोमट अशासाठी की थंड पाण्यापेक्षा त्यात विरघळलेली हवा कमी असते. या वेळात दुकानदारानं चहा प्यावा. घाईच्या ऑर्डरला लोक नेमकी ही पायरी गाळतात, आणि संध्याकाळच्या समारंभात स्टेजवरचे गुलाब पाहुण्यांच्या आधी झुकतात.

आता बादली. तुटलेल्या देठातून रस झिरपतो, बुडालेली पानं कुजतात, आणि एका दिवसात पाण्यात जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. तो थर नळ्यांच्या तोंडाशी बसला की बुडबुड्यासारखाच बूच. म्हणून बादली नुसती विसळून चालत नाही, साबण आणि ब्लीच लावून घासावी लागते. फुलाला साखरही हवी असते, कारण कळीला उमलायला लागणारी शक्ती झाडावर असताना पानांकडून यायची. पण साखर एकटी घातली तर फुलाआधी जंतूच जेवतात. फुलांच्या पावडरीच्या पुड्या मिळतात त्यांत म्हणून तीन गोष्टी एकत्र असतात: साखर, जंतुनाशक आणि पाणी आंबट करणारं आम्ल. आंबट पाणी काडीत सहज चढतं, बोअरचं जड पाणी कुरकुरत चढतं. घरच्या घरी करायचं तर एक लिटर पाण्यात एक चमचा साखर, दोन चमचे लिंबाचा रस आणि अर्धा चमचा साधं ब्लीच. ब्लीच आणि लिंबू मात्र कधी थेट एकमेकांत मिसळायचे नाहीत, त्यातून विषारी वायू निघतो. दोन्ही वेगवेगळे पाण्यात घालायचे. फुलदाणीत नाणं टाकण्याचा सल्ला आजही मिळतो. तो तांब्याच्या नाण्यांच्या काळातला. खिशातला रुपया आता स्टीलचा आहे, त्यातून पाण्यात काही उतरत नाही.

एका मे महिन्यात शेजारच्या फळवाल्यानं रात्रीपुरती आंब्याची एक पेटी आमच्या दुकानात ठेवली. सकाळी कार्नेशनच्या दोन गड्ड्यांच्या पाकळ्या आत वळून फुलं झोपल्यासारखी मिटलेली. पाणी स्वच्छ, काप ताजा, तरी असं. पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं. फळाला तो पिकवतो, फुलाला म्हातारं करतो. मी शोधलेली गोष्ट नव्हे ही. शिकागोत काचघरांमधले कार्नेशन असेच मिटू लागले, तेव्हा क्रॉकर आणि नाइट या दोघा वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये दाखवून दिलं की दिव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या गॅसची गळती याला कारण आहे, आणि त्या गॅसमधलं इथिलीन हवेत अगदी नखभर असलं तरी पुरतं. म्हणूनच चांगले उत्पादक कार्नेशन काढल्याबरोबर चांदीच्या एका क्षाराच्या पाण्यात उभा करतात. त्यानं फुलाला इथिलीनचा सांगावा पोचतच नाही. आपण एवढंच करायचं: फुलदाणी फळांच्या टोपलीजवळ नको, गाड्यांच्या धुराकडच्या खिडकीतही नको.

थंडपेटीचा नियम फुलाच्या मूळ हवेवरून लक्षात ठेवावा. गुलाब, कार्नेशन २ ते ४ अंशांत सुखात राहतात. ऑर्किड आणि अँथुरियम उष्ण, दमट प्रदेशातले. त्यांना त्याच पेटीत ठेवलं तर पाकळ्या काळवंडतात. १२-१३ अंशांच्या खाली त्यांना नेऊच नये.

जरबेऱ्याचं दुखणं वेगळं. त्याची काडी पोकळ आणि लवदार, म्हणून तिला खोल पाण्यात ठेवलं की ती सडते. तिला चार बोटं पाणी बस. बुडाचा जाड, तांबूस भाग पाणी ओढत नाही, तो कापून टाकायचा. बुक्यात त्याची काडी पारदर्शक नळीत घातलेली दिसते, ती सजावट नाही, कुबडी आहे. ग्लॅडिओ आडवा टाकला तर काही तासांत त्याचा शेंडा आकाशाकडे वळतो आणि मग सरळ होत नाही, तेव्हा गाडीतूनसुद्धा तो उभाच न्यावा.

एवढं झाल्यावर रचना. आपल्याकडे बहुतेक बुके एका बाजूचे असतात: मागे अरेकाचं पान किंवा ग्लॅडिओ, पुढे पायऱ्यांसारखे जरबेरे, फटींत कामिनीचा पाला आणि गोल्डन रॉड, वर जिलेटिनचा कागद. शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ यांतला हा तिसरा. पाहुण्याच्या हातात तो फोटोपुरता असतो, लगेच मागच्या माणसाकडे जातो. तो कॅमेऱ्यासाठी बांधलेला आहे, त्याला पाठ नसली तरी चालतं. हल्ली निमंत्रणपत्रिकेत ‘बुके नको, बुक द्या’ असं छापतात. धंद्याला झळ लागते खरी, पण असले बुके बघून मलाही कधी कधी ते पटतं.

हातात बांधायचा गोल गुच्छ शिकायला वेळ लागतो. पहिली काडी डाव्या हातात सरळ धरा. दुसरी तिच्यावर तिरकी ठेवा, डोकं डावीकडे, शेपूट उजवीकडे. तिसरी त्याच तिरकसपणानं. दोन-तीन काड्या झाल्या की गुच्छ मुठीत थोडा फिरवा आणि पुढची काडी पुन्हा त्याच दिशेनं घाला. एकही काडी उलट्या तिरकीनं जाता कामा नये. खाली काड्या पिळासारख्या पसरतात, वर फुलं आपोआप गोल बसतात. मुठीच्या जागी सुतळी बांधून बुडं एका पातळीत कापली की गुच्छ टेबलावर स्वतःच्या पायांवर उभा राहतो. राहिला नाही तर मध्ये कुठेतरी एक काडी उलटी गेली आहे. माझा पहिला गुच्छ उभा राहायला तीन आठवडे लागले. मूठ आवळू नका, एवढंच सांगेन. आवळलेल्या मुठीत काड्या फिरत नाहीत.

भांड्यातल्या रचनेत आधी पाला लावून आकार ठरवायचा, मग गुलछडी किंवा ग्लॅडिओनं उंची, मग मोठी फुलं, शेवटी जिप्सोफिलासारखी भरण. उंची भांड्याच्या साधारण दीडपट धरतात. जेवणाच्या टेबलावर हा हिशेब मोडावा, तिथे समोरच्याचा चेहरा दिसला पाहिजे. सगळी फुलं एका उंचीवर आली की रचना केस कापून आल्यासारखी दिसते. काही खाली दडवा, एखादं वर काढा.

भांड्यात काड्या रोवण्यासाठी हिरवा स्पंज वापरतात. तो १९५४ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोमध्ये स्मिदर्स यांनी बाजारात आणला. त्यांचं ‘ओअॅसिस’ हे नाव आता कुठल्याही कंपनीच्या स्पंजाला लागतं. तो भिजवताना हातानं दाबायचा नाही. पाण्यावर ठेवून द्यायचा, तो आपला आपण बुडतो. दाबला तर बाहेरून ओला, आतून कोरडा राहतो, आणि नेमकी मधली फुलं वाळतात. एकदा रोवलेली काडी थोडी उपसून पुन्हा सोडली तर तिच्या टोकाखाली पोकळी राहते. काडी पूर्ण काढा आणि नवी जागा द्या. या स्पंजाची सोय मोठी आहे, पण तो प्लास्टिक आहे. चुरतो, कुजत नाही. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं २०२१ पासून चेल्सीसह आपल्या फुलांच्या प्रदर्शनांत तो बंद केला. आम्ही भांड्यात कोंबडीजाळीचा गोळा बसवतो. काड्या त्यात छान अडकतात, शिवाय थेट पाण्यात राहतात. जाळी धुऊन पुन्हा वापरता येते.

भावाबद्दल नेहमी विचारतात. बाजारात २० गुलाबांची गड्डी स्वस्त, मग दुकानात चार गुलाब एवढे महाग कसे? त्या चारांच्या किमतीत मान टाकलेले आणि पाकळी डागाळलेले गुलाब असतात, बादल्या घासण्याचा वेळ असतो. आणि पितृपक्षातली मोकळी दुपारही असते, जेव्हा माल कितीही कमी घेतला तरी उरतोच. १४ फेब्रुवारीच्या आधी तोच गुलाब बाजारातच अनेक पटींनी चढतो. त्या आठवड्यात आम्ही नेहमीच्या गिऱ्हाइकांना हळूच शेवंती सुचवतो.

बुके घरी आला की आधी कागद आणि रबर काढा. आत कोंडलेल्या दमटपणानं पाकळ्यांवर बुरशी धरते. काड्या पुन्हा कापा, खालची पानं काढा, रोज पाणी बदला, दर दोन दिवसांनी थोडं कापा. पंख्याखाली ठेवू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी एखाद्या गुलाबानं मान टाकली, तर तो बाहेर काढून काडी आखूड करा आणि तासभर खोल पाण्यात आडवा बुडवून ठेवा. बरेचदा उठतो. लिलियम उमलू लागलं की पराग सुटायच्या आत पुंकेसरांची तपकिरी टोकं कागदी रुमालानं खुडून घ्या. पराग कपड्यावर पडलाच तर पाणी लावू नका, चोळू नका. चिकटपट्टी दाबून उचला. घरात मांजर असेल तर मात्र लिलियम आणूच नका. तिच्या मूत्रपिंडांना ते विष आहे, फुलदाणीतलं पाणीसुद्धा. त्याऐवजी गुलछडीच्या चार काड्या मागा. खालची सुकलेली फुलं रोज खुडत गेलात तर वरच्या कळ्या संध्याकाळी एकेक करून उघडतात, आणि खोलीत वास येतो तो बहुधा दिवे मालवल्यावर.