पाटी रस्त्यावर, पाहुणा भलतीकडे

मालवणहून तारकर्लीकडे जाताना माझ्या मामांच्या घराची पाटी लागते. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरे : 'राहण्याची व जेवणाची घरगुती सोय'. तीन खोल्या, मागे माड, आणि दहा मिनिटे चालले की समुद्र. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी तेथे गेले, तेव्हा ऐन हंगामात दोन खोल्या रिकाम्या होत्या. पलीकडच्या रिसॉर्टच्या दारात मात्र पुण्या-मुंबईच्या गाड्यांना उभे राहायला जागा नव्हती. मामा म्हणाले, "रस्त्यार येवढो मोठो बोर्ड आसा मां, मगे आणखी काय होया?"

या प्रश्नाचा पिच्छा पुरवताना जे समजले, ते येथे मांडत आहे.

पूर्वी प्रवासी एस.टी.तून उतरे, चार जणांना विचारी आणि पाटी पाहून आत येई. आता तो घरून निघण्यापूर्वीच मोबाइलला विचारतो. म्हणजे पाटीचा पहिला वाचक आता यंत्र आहे. पण रस्त्यावरची पाटी या यंत्राला वाचता येत नाही. गूगलसारख्या शोधयंत्राचे 'क्रॉलर' इंटरनेटवरील पाने एकामागून एक वाचत जातात आणि ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते तशी एक अवाढव्य सूची तयार करतात. आपण प्रश्न विचारतो, तेव्हा यंत्र जग धुंडाळायला निघत नाही. ते ही सूची चाळते. आता सूचीत वर कोणाला बसवायचे? १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी याची एक युक्ती मांडली. ज्या पानाकडे इतर वजनदार पाने बोट दाखवतात, ते पान वजनदार मानावे. गावात ज्याचे नाव चार मोठी माणसे घेतात त्याला पंगतीत वरचा पाट मिळतो, त्यातलाच हा प्रकार.

हॉटेलांच्या बाबतीत नकाशावरील नोंदीला फार महत्त्व आहे. तेथे क्रम लावण्याच्या तीन कसोट्या गूगल स्वतःच सांगते : विचारलेल्या गोष्टीशी मेळ, अंतर आणि प्रसिद्धी. अंतराचे काही करता येत नाही. समुद्र घराजवळ ओढून आणता येत नाही. पण मेळ? मामांची नोंद उघडून पाहिली आणि कपाळावर हात मारला. कोणा प्रवाशाने कधीतरी केलेली ती नोंद. रोमन लिपीतले नाव पाटीवरच्यापेक्षा निराळे, दूरध्वनी क्रमांक बंद पडलेला, आणि प्रकार 'खानावळ'! खोली शोधणाऱ्या माणसाला यंत्राने खानावळ कशासाठी दाखवावी? ही नोंद मालकाला विनामूल्य आपल्या ताब्यात घेता येते. आम्ही घराचे व पाटीचे चित्रीकरण करून पाठवले आणि चुका दुरुस्त केल्या.

येथवर काम सोपे होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि प्रकरण अवघड झाले. शोधयंत्र यादी देते. यादीत बाराव्या असणाऱ्यालाही थोडी आशा असते. ही नवी साधने मात्र यादी न देता पूर्वी शिकलेला आणि आयत्या वेळी शोधून काढलेला मजकूर एकत्र करून उत्तर देतात. त्या उत्तरात नावे पुष्कळदा दोन-तीनच असतात. मी विचारून पाहिले : आईवडिलांना तारकर्लीला न्यायचे आहे, खोली तळमजल्यावर हवी, जेवण घरगुती मासळीचे हवे. यांतले सारे मामांकडे आहे. उत्तरात तीन रिसॉर्टे आली. कारण उघड होते. खोल्या तळमजल्यावर आहेत असे आम्ही कोठेच लिहिले नव्हते.

प्रिन्स्टन विद्यापीठ, दिल्लीची आय.आय.टी. आदी संस्थांतील संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे दिसले, की तेच तेच शब्द कोंबून अशा उत्तरांत स्थान मिळत नाही. आकडे, आधार आणि अवतरणे असलेला मजकूर अधिक उचलला जातो. 'निसर्गाच्या कुशीत अविस्मरणीय क्षण' हे वाक्य किनाऱ्यावरचे कोणतेही हॉटेल लिहू शकते. त्यातून यंत्राला काय कळणार? खरे म्हणजे माणसालाही काय कळते?

म्हणून आम्ही एक साधे पान तयार केले, मराठीत आणि इंग्रजीत. कुडाळ रेल्वे स्थानकापासून व मालवण बसस्थानकापासून अंतर किती. खोल्या तीन, तिन्ही तळमजल्यावर. मासळी त्या दिवशी बाजारात येईल ती. आदल्या रात्री सांगितल्यास शाकाहारी जेवण. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात, हेही लिहिले. मामांना ते रुचले नाही, "गिऱ्हाईक पळात" म्हणाले. पण मी हट्ट धरला. दरपत्रकाचे छायाचित्र न टाकता दर अक्षरांत लिहिले. नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगने. शिवाय 'स्कीमा डॉट ऑर्ग' नावाची, २०११ पासून चालत आलेली खुणांची पद्धत आहे. तिच्यामुळे हा पत्ता, हा दर, हे निवासस्थान, असे यंत्राला निःसंदिग्ध सांगता येते. हे काम कॉलेजातल्या एका मित्राने करून दिले.

मध्यस्थ संकेतस्थळांवर नाव घातले तर प्रसिद्धी लवकर होते, परंतु शंभरातले पंधरा रुपये, कधी त्याहूनही अधिक, तिकडे जातात. तीन खोल्यांच्या घराला हे सोसत नाही. मग प्रसिद्धी वाढवायची कशी? एका गृहस्थाने पैसे घेऊन पन्नास उत्तम अभिप्राय लिहवून देण्याची तयारी दाखवली. भारतीय मानक ब्युरोने अशा अभिप्रायांसाठी २०२२ साली 'आय.एस. १९०००' हे मानक काढले आहे, असे मी सांगू लागले, तोच मामींनी विषय संपवला : "जो जेवलोच नाय, तो जेवण बरा म्हणान कसो लिवतलो?" त्याऐवजी आता निघताना प्रत्येक पाहुण्याला त्या स्वतःच म्हणतात, की काय आवडले आणि काय नाही, दोन्ही लिहा. एकाने डासांबद्दल लिहिले. खिडक्यांना जाळ्या बसल्या.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. मामांच्याच वाडीत आणखी पाच-सहा घरे खोल्या देतात. त्यांच्या नोंदी अशाच अर्धवट आहेत आणि ते दुरुस्त करणारे घरात कोणी नाही. त्यांचे जेवण मामींच्या हातचेच म्हणावे असे आहे, पण यंत्राच्या लेखी ती घरे नाहीतच. मे महिन्यात मी त्यांपैकी दोन घरांची पाने लिहिणार आहे.

त्या प्रश्नाला यंत्र अजूनही तीच तीन रिसॉर्टे सांगते. मात्र नकाशावर मामांचे घर आता निवासस्थान म्हणून दिसते. जानेवारीत नाशिकहून एका कुटुंबाचा दूरध्वनी आला. वडिलांचे गुडघे दुखतात, खोली तळमजल्यावरच आहे ना, एवढेच त्यांनी विचारले.