फुलपाखरांसाठी कोणते झुडूप लावाल?

दुधी भोपळ्याला फुले भरपूर येतात. पण कोवळी फळे पिवळी पडून गळतात. परसबाग करणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. या वेलीवर नर आणि मादी फुले वेगळी असतात. एका फुलातले पराग दुसऱ्यापर्यंत कोणीतरी न्यावे लागतात, आणि ते काम पतंग, भुंगे, मधमाश्या करतात. ‘आहारात फळे, भाज्या वाढवा’ असे आम्ही डॉक्टर रोज सांगतो. त्यातल्या बऱ्याच ताटात येण्याआधी एखाद्या कीटकाच्या पायांवरून प्रवास करून आलेल्या असतात.

म्हणूनच सोसायट्या, शाळा, दवाखाने आपल्या आवारात फुलपाखरांची बाग करू लागले आहेत, ही चांगली गोष्ट आहे. अडचण रोप निवडताना येते. नर्सरीत सहसा लँटाना पुढे केला जातो. लँटाना म्हणजे आपली घाणेरी किंवा टणटणी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती शोभेसाठी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणली गेली. आज देशातील वाघांच्या अधिवासापैकी सुमारे ४० टक्के क्षेत्रात ती पसरली आहे. फुलपाखरे तिच्यावर येतात, हे खरे. पण तिची काळी फळे बुलबुल खातात आणि बिया माळावर, डोंगरावर टाकतात. तिथे घाणेरीची जाळी माजली की खाली गवत उरत नाही. तिचा पाला खाल्लेल्या जनावरांचे यकृत बिघडते, उन्हात कातडी सोलवटते. ‘ही जात निर्बीज आहे’ असे विक्रेता सांगतो; झुडपाला फळे धरली, की तो दावा संपला. पिवळ्या घंटांच्या टेकोमाचे बी पापुद्र्यासारखे हलके असते. ते वाऱ्यानेच कुंपणापलीकडे जाते.

तेव्हा रोप घेताना तीन प्रश्न विचारा. हे झुडूप आपल्या भागातले आहे का? त्याची पाने कोणती अळी खाते का? आणि ते कोणत्या ऋतूत फुलते? फुलपाखराला मध कुठेही मिळतो. अळीला मात्र ठरावीक पानेच लागतात. पानेच नसतील तर बागेत पाहुणे येतील, बिऱ्हाड होणार नाही.

देशावर, मराठवाड्यात, कमी पाण्यात तरवड उत्तम. त्याच्या पिवळ्या फुलांवर भुंगे येतात, फूल धरून अंग थरथरवतात आणि पराग झाडून घेतात. टोमॅटो-वांग्याच्या फुलांनाही अशीच थरथर मानवते आणि साध्या मधमाशीला ती जमत नाही. तरवडाने पोसलेला भुंगा तुमच्या वांग्याच्याही कामी येतो. सह्याद्रीच्या पट्ट्यात धायटी लावा. जानेवारी ते एप्रिल तिच्या लाल फुलांवर मधमाश्या आणि शिंजीर गर्दी करतात. उन्हाळ्याच्या तोंडावर करवंद, पावसाळ्यात निर्गुडी, थंडीत कोरांटी आणि अडुळसा. कोरांटीवर पॅन्सी जातीच्या काही फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. हीच कोरांटी उत्तर ऑस्ट्रेलियात उपद्रवी तण ठरली आहे. झाड मुळात वाईट नसते. ते कुठे लावले, याला महत्त्व. कुंडीपुरतीच जागा असेल तर कढीपत्ता आणि लिंबू पुरे. २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेल्या नीलवंताच्या अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतात. चार पाने कुरतडली म्हणून औषध फवारू नका. फवारणीची विषबाधा आमच्या वॉर्डात नवी नाही, आणि अळी मेली तर फुलपाखरू येणार कुठून?

आता वैद्यकीय शंका. फुलझाडांनी दमा वाढेल का? कीटकांवर अवलंबून असलेल्या फुलांचे पराग जड, चिकट असतात; ते हवेत फारसे उडत नाहीत. त्रास बहुधा गवतांच्या आणि गाजर गवताच्या परागांचा असतो, म्हणून आवारातले गाजर गवत फुलण्याआधी, हातमोजे घालून उपटा. लहान मुले खेळतात तिथे बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, नको. तिच्या बिया पोटात गेल्यास हृदयाचे ठोके बिघडतात, जीवही जाऊ शकतो. घाणेरीची कच्ची फळेही मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका. मधमाश्यांसाठी पाणी उथळ ताटलीत, खडे घालून ठेवा आणि दोन दिवसांनी ताटली घासून बदला, नाहीतर डेंग्यूचे डास पोसाल. माशी चावल्यावर अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला, दम लागला किंवा चक्कर आली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा.

पहिला पाऊस जमिनीत मुरला, की लागवड करा. पाच-सहा झुडपे पुरतात; फक्त वर्षातल्या प्रत्येक ऋतूत त्यांपैकी एखादे तरी फुललेले असावे.