गाणं वाचलं, फॉर्म गेला: रॅम भरल्यावर फोन कोणाला मारतो?

गेल्या दिवाळीत येवल्याला मावशीकडे होतो. रात्री मावसभाऊ शिष्यवृत्तीचा फॉर्म भरत बसलेला, दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख. फोन २ जीबी रॅमचा. नाव, पत्ता, मार्क सगळं भरायचा, मार्कशीटचा फोटो काढायला कॅमेरा उघडायचा, आणि परत येऊन बघतो तर फॉर्म कोरा! असं तीनदा झालं. "दादा, व्हायरस आहे यात," म्हणाला. मागे गाणी मात्र न थांबता चालू होती.

व्हायरस वगैरे काही नव्हतं. पण गाणं का वाचलं आणि फॉर्मच का गेला, हा प्रश्न भारी आहे.

मावशीच्या पुढच्या खोलीत पैठणीचा हातमाग आहे. घरात पाहुणे जास्त झाले की सायकल ओट्यावर जाते, शिलाई मशीन शेजारी जातं. माग हलत नाही, त्यावर अर्धी पैठणी चढलेली असते. फोनमध्येही कोणी आधी बाहेर जायचं हे असंच ठरलेलं असतं, फक्त आकड्यांत. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे, आणि लिनक्समध्ये प्रत्येक प्रोसेसला उणे १००० ते १००० मधला एक आकडा चिकटवलेला असतो. आकडा जितका मोठा, तितका मरायचा नंबर आधी.

स्क्रीनवर समोर असलेल्या अ‍ॅपला ०. दिसत नाही पण ऐकू येतंय, म्हणजे गाणी किंवा हा पॉडकास्ट, त्याला २००. होम स्क्रीन ६००. आत्ताच सोडून आलेलं अ‍ॅप ७००. कधीतरी उघडून विसरलेली अ‍ॅप्स ९०० च्या पुढे. फोनची मुख्य सिस्टिम उणे ९००, तिला सहसा कोणी हात लावत नाही.

आता भावाचा फोन बघा. कॅमेरा समोर आला, ०. गाणी २००. आणि ब्राउझर, ज्यात त्याची अर्ध्या तासाची मेहनत होती, तो झाला ७००. कॅमेरा मेमरीला भयंकर खादाड. आधी ९०० वाले गेले, तरी जागा पुरेना, मग ब्राउझर गेला. फॉर्म तुमच्यासाठी किती महत्त्वाचा आहे हे फोनला कळत नाही. तुम्ही आत्ता काय बघताय आणि काय ऐकताय, एवढंच कळतं.

हे काम करणाऱ्या प्रोग्रामचं नाव एलएमकेडी, लो मेमरी किलर डीमन. अँड्रॉइड ९ पासून तो कर्नलच्या बाहेर चालतो. लिनक्सचा स्वतःचाही एक किलर आहे, पण तो मेमरी पार संपल्यावर जागा होतो. तोवर फोन गोठलेला असेल! म्हणून एलएमकेडी आधीच हात चालवतो. त्याच्याही आधी फोन रॅममधलाच डेटा दाबून लहान करून बघतो. कॉम्प्युटरसारखं सगळं स्टोरेजवर ढकलत नाही, कारण सारखं लिहून फोनची फ्लॅश मेमरी झिजते.

मारताना नोटीस मिळत नाही. सेव्ह करायचं ते अ‍ॅपने स्क्रीन सोडतानाच करून ठेवायला हवं. त्या फॉर्मवाल्यांनी केलं नव्हतं. खरं सांगू? आम्ही इंजिनीअर लोक १२ जीबीच्या फोनवर टेस्ट करतो, आम्हाला हे दिसतच नाही.

भावाने तोवर रिसेंटमधली सगळी अ‍ॅप्स स्वाइप करून टाकली होती. त्याने काय होणार? ती तशीही रांगेत पहिलीच होती. उलट पुन्हा उघडताना बॅटरी जास्त खातात. जागा अडवून बसलं होतं ते २०० वालं गाणं.

मग गाणी बंद केली, मार्कशीट, आधार, पासबुक सगळ्यांचे फोटो आधी काढून गॅलरीत ठेवले, आणि मगच फॉर्म उघडला. कॅमेऱ्याकडे जायचं कामच उरलं नाही. पावणेबाराला सबमिट झाला.